घरच्या घरी रेडिओ कंट्रोलची टगबोट कशी बांधावी

टगबोट म्हणजे पाण्यावरचा ट्रॅक्टर. उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरकडून कुणी वेगाची अपेक्षा करत नाही. टगचंही तसंच आहे. तिचं काम ओढण्याचं आणि ढकलण्याचं, आणि त्यासाठी लागतो मोठा पंखा, कमी फेरे आणि पाण्यात नीट बसलेलं जड अंग. पहिल्यांदा मॉडेल करणारे बहुतेक जण नेमकं उलटं करतात. जोरात फिरणारी मोटर आणतात, बोट हलकी ठेवतात आणि मग ती पाण्यावर प्लास्टिकच्या डब्यासारखी डुलत राहते. म्हणून या लेखात वजनाचा हिशेब सगळ्यात आधी घेतला आहे. लाकडाला करवत लावायच्या आधी तो कागदावर झालाच पाहिजे.

आकार आणि वजन

पहिल्या टगसाठी ६० सेंमी लांबी योग्य. १:४० प्रमाण धरलं तर ती २४ मीटरच्या बंदरी टगची प्रतिकृती होते. रुंदी २० सेंमी, पाण्याखालचा भाग ७ सेंमी आणि डेकपर्यंतची एकूण उंची मध्यभागी साधारण १०.५ सेंमी ठेवा. यापेक्षा लहान बोटीत बॅटरी बसवताना जीव मेटाकुटीला येतो, आणि मोठी बोट रिक्षात मावत नाही.

आता वजन. ६० × २० × ७ म्हणजे ८,४०० घनसेंमीची पेटी. टगचा तळ पेटीसारखा चौकोनी नसतो, त्यामुळे त्यातली सुमारे ५५ टक्के जागाच बोट व्यापते. ती येते ४,६२० घनसेंमी. गोड्या पाण्यात तेवढेच ग्रॅम धरायचे, म्हणजे पूर्ण तयार बोटीचं वजन सुमारे ४.६ किलो भरलं पाहिजे. कमी भरलं तर पंखा पाण्याच्या वर डोकावतो, जास्त भरलं तर डेकवर पाणी येतं.

हे ४.६ किलो असे वाटले जातात: बॅटरी २,१०० ग्रॅम, डेकसह सांगाडा १,१०० ग्रॅम, मोटर, शाफ्ट (पंखा फिरवणारा दांडा), कपलिंग (मोटर आणि शाफ्ट जोडणारा तुकडा) आणि पंखा मिळून ५०० ग्रॅम, सुकाणू आणि सर्व्हो (सुकाणू वळवणारी छोटी मोटर) १२० ग्रॅम, बाकी इलेक्ट्रॉनिक्स आणि वायरी १५० ग्रॅम, वरची केबिन ३५० ग्रॅम. बेरीज ४,३२० होते. उरलेले २८० ग्रॅम शेवटी बोट सरळ बसवायला शिशाच्या रूपात वापरायचे. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि एक वही जवळ ठेवा, आणि प्रत्येक भाग बोटीत जाण्याआधी तोलून लिहून काढा. या बोटीचं पाण्याच्या रेषेवरचं क्षेत्रफळ सुमारे ९६० चौसेंमी आहे, म्हणजे दर ९६ ग्रॅमला ती १ मिलिमीटर खाली जाते. पुट्टीचा एक जाड थर किंवा रंगाचे दोन जादा हात किती महाग पडतात, ते या एका आकड्यावरून कळतं.

सामान कुठून आणायचं

या कामासाठी कोल्हापूर सोयीचं शहर आहे. शाफ्ट, पितळी बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी), कपलिंग ही लेथवरची कामं शिवाजी उद्यमनगरात होतात. फक्त मापं कागदावर आकृतीसह लिहून न्या, तोंडी सांगू नका. पितळी पत्रा, बारीक तार, सोनारी करवतीची पाती आणि टाकणखार गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, मिळतात. केबिनसाठी लागणारा ३ मिमी सनबोर्ड (फलकांचा हलका फोमचा पत्रा) विकत घ्यायची गरज नाही. डिजिटल फलक करणाऱ्यांकडे त्याचे तुकडे रोज पडलेले असतात, आणि कोल्हापुरात डिजिटल फलकांना काय तोटा!

प्लायवूड मात्र फर्निचरवाल्याकडचं उरलेलं घेताना त्यावरचा शिक्का बघा. आयएस ७१० लिहिलेलं असेल तर ते मरीन प्लाय. आयएस ३०३ चं साधं प्लाय फ्रेमसाठी चालतं, पण त्याची प्रत्येक कड रेझिनने बंद करावी लागते, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात थर सुटतात. फ्रेमसाठी ४ मिमी आणि डेकसाठी ३ मिमी जाडी पुरे. तळाच्या पट्ट्या हलक्या, सरळ रेषांच्या लाकडाच्या हव्यात. ८ मिमी रुंद, ३ मिमी जाड आणि ७० सेंमी लांब अशा ६० पट्ट्या सुताराकडून एकदमच चिरून घ्या. मधल्या भागात बोटीचा घेर ३६ सेंमीच्या आसपास असतो, म्हणजे ४५ पट्ट्या लागतात. बाकीच्या मोडण्यासाठी आहेत, आणि त्या मोडतातच. सागवान टाळा. ते जड तर आहेच, शिवाय त्यातल्या तेलामुळे इपॉक्सी नीट धरत नाही.

आराखडा आणि फ्रेम

आराखडा छापून आणल्यावर पहिलं काम म्हणजे पट्टी लावून मोजणं. छापताना कागदात बसवण्यासाठी तो आपोआप लहान केला जातो आणि ६० सेंमीची बोट ५७ ची होते. आराखड्यावर आधीच १० सेंमीची एक रेघ काढून ठेवा आणि छापल्यावर ती मोजा.

दर ६ सेंमीवर एक, अशा ९ फ्रेम आणि मागची एक सपाट फळी. आराखड्यातली रेघ बोटीच्या बाहेरच्या अंगाची असते, म्हणून फ्रेम कापताना पट्टीची ३ मिमी जाडी चहूबाजूंनी आतून वजा करायची. हे विसरलं की बोट ६ मिमी जास्त रुंद होते आणि वजनाचा सगळा हिशेब कोलमडतो. फ्रेम भरीव ठेवू नका. कडेला १५ ते १८ मिमी लाकूड ठेवून मधला भाग कापून काढा. बॅटरी कुठं बसणार हेही आत्ताच ठरवा, कारण ती आडवी घातली तर १५१ × ९४ मिमी जागा खाते आणि तिच्याखालच्या दोन-तीन फ्रेमचा तळ एकाच पातळीत सपाट लागतो. बोट बंद झाल्यावर आत करवत चालवणं म्हणजे डोकेदुखीच.

७५ × ३० सेंमीची, १८ मिमी जाड सरळ फळी घ्या. तिच्यावर मधोमध रेघ मारून फ्रेम उलट्या उभ्या करा. प्रत्येक फ्रेमला डेकच्या बाजूने पाय ठेवलेले असले की सगळ्या एकाच पायावर उभ्या राहतात. मधून कणा बसवा आणि एक लवचिक पट्टी सगळ्या फ्रेमवरून फिरवून बघा. जिथं ती हवेत राहते तिथं फ्रेम खोल कापली गेली आहे, आणि जिथं ती उचलली जाते तिथं घासायला हवं. या तपासणीत एक संध्याकाळ गेली तरी जाऊ द्या. इथं राहिलेली खोच पुट्टीने भरायला गेलं तर शंभर ग्रॅम वजन सहज वाढतं.

पट्ट्या लावणं

डेकच्या कडेपासून सुरुवात करा. एक पट्टी डाव्या बाजूला, लगेच दुसरी उजव्या बाजूला. एकाच बाजूच्या पाच-सहा पट्ट्या आधी उरकल्या तर वाळताना गोंद ओढतो आणि सगळा सांगाडा केळ्यासारखा वाकडा होतो. तो मग कशानंही सरळ होत नाही. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, बोट निमुळती होत जाते. तिथं पट्ट्याही निमुळत्या कराव्या लागतात, पण अर्ध्यापेक्षा अरुंद करू नका. टोकाला ४ मिमीपेक्षा कमी लाकूड राहिलं की टाचणी टोचताच चिरतं. जास्त वळणाच्या जागी पट्टी अर्धा तास गरम पाण्यात भिजवून, वाकवून, टाचण्यांनी तशीच रात्रभर सुकू द्या आणि मगच चिकटवा. ओल्या पट्टीवर गोंद लावला की सुकताना ती आकसते आणि फट पडते.

फ्रेमला पट्टी जोडायला आणि पट्टीला पट्टी जोडायला मरीन फेविकॉल चांगला. फेविक्विक फक्त तात्पुरतं धरून ठेवायला. त्याचा जोड कडक असतो, बोट काठावर आपटली की तडकतो.

पट्ट्या पूर्ण झाल्या की आधी ८० आणि मग १२० नंबरच्या पेपरने घासा. पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घासा, बोटांनी घासलं की खड्डे पडतात. त्यावर १०० ग्रॅम वजनाचं फायबर ग्लासचं कापड इपॉक्सी रेझिनने चढवा. कापड ७० × ५० सेंमी लागतं. आतून-बाहेरून मिळून रेझिन सुमारे २०० ग्रॅम पुरतं. मिसळण्याचं प्रमाण डब्यावर दिलंय तेच, काट्यावर तोलून घ्या. अंदाजाने हार्डनर वाढवला तर ते लवकर सुकत नाही, उलट कायमचं चिकट राहतं. जून ते सप्टेंबर या काळात कोल्हापूरच्या दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट पापुद्रा येतो. तो साबणाच्या पाण्याने धुऊन, घासून, मगच पुढचा थर द्या. शक्यतो हे काम दिवाळीनंतरच करा.

कुणी स्वस्त म्हणून पॉलिस्टर रेझिन वापरत असेल तर एक गोष्ट कधीही विसरू नये. त्याचं कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट मिसळायचे नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं आणि मगच हार्डनर टाकायचा.

शाफ्ट, मोटर आणि पंखा

बोटीचं आयुष्य या भागावर अवलंबून आहे, म्हणून इथं घाई नको.

पंखा ५० मिमीचा, चार पात्यांचा, पितळी. शाफ्ट ४ मिमी स्टेनलेस स्टीलचा, तो ६ मिमीच्या पितळी नळीत, नळीच्या दोन्ही टोकांना बुश. नळीची लांबी साधारण २० सेंमी. पंख्याच्या पात्याचं टोक आणि बोटीचा तळ यांत किमान ५ मिमी जागा ठेवा, नाहीतर बोट घुरघुरते. नळीचा उतार शक्य तितका कमी, ६ ते ८ अंशांच्या आत.

मोटर १२ व्होल्टची, मोकळी फिरताना मिनिटाला ३,५०० ते ४,००० फेरे घेणारी, साध्या ब्रशची. बाजारात ७७५ नंबरची मोटर सहज मिळते, पण तिचे बरेचसे प्रकार १२ व्होल्टवर १२,००० फेऱ्यांचे असतात. तशी मोटर ५० मिमी पंख्याला थेट जोडली की काही मिनिटांत वास येऊ लागतो. कारण साधं आहे. फेरे दीडपट केले तर ओढण्याचा जोर सव्वादोनपट होतो, पण त्यासाठी लागणारी शक्ती सव्वातीनपटीहून जास्त होते. या पंख्याला २,००० फेऱ्यांवर पाव किलोच्या आसपास आणि ३,००० फेऱ्यांवर अर्ध्या किलोच्या आसपास ओढ मिळते. मॉडेलला तेवढी भरपूर. वेगवान मोटरच हाती असेल तर पट्टा लावून फेरे तिपटीने कमी करून घ्या.

जोडणीचा क्रम असा ठेवा. तळाला भोक थोडं सैल पाडा. नळी, शाफ्ट आणि मोटर यांना आधी एका सरळ, ताठ पितळी तुकड्याने एकमेकांना जोडा, म्हणजे तिघं मिळून एकच सरळ दांडा होतो. हा अख्खा दांडा बोटीत ठेवा आणि मोटरची ॲल्युमिनियम अँगलची बैठक त्याच्याखाली जिथं येईल तिथंच चिकटवा. दांड्याला बैठकीकडे वाकवू नका, बैठक दांड्याकडे न्या. मग नळीभोवती अराल्डाइट भरा आणि २४ तास हात लावू नका. सुकल्यावर ताठ तुकडा काढून त्या जागी लवचिक कपलिंग बसवा. कपलिंग लवचिक असतं म्हणून वाकडेपणा चालून जाईल असं बऱ्याच जणांना वाटतं. ते फक्त उरलासुरला फरक सोसतं, बाकी सगळा वाकडेपणा आवाज आणि गरमीच्या रूपाने बाहेर येतो.

तपासायची पद्धत: मल्टिमीटर लावून मोटर एकटी किती अँपिअर घेते ते बघा, मग शाफ्ट जोडून बघा. फरक ०.२ ते ०.३ अँपिअरच्या वर गेला तर कुठंतरी घासतंय. शाफ्टला मागे-पुढे अर्धा मिमी मोकळीक हवी. पंख्याचा रेटा आतल्या टोकाच्या कॉलर आणि वॉशरने बुशवर घ्यायचा, मोटरवर येऊ द्यायचा नाही.

नळीचं आतलं टोकही पाण्याच्या रेषेखाली असतं, म्हणून पाणी आत येतं ते बहुतेक इथूनच. उपाय सोपा आहे. नळीच्या मधल्या भागावर ३ मिमीची एक छोटी उभी नळी डाख देऊन बसवा, तिचं तोंड पाण्याच्या रेषेच्या वर आणा आणि इंजेक्शनच्या सिरिंजने त्यातून बेअरिंगचं ग्रीस भरा. ग्रीस दोन्ही टोकांतून डोकावलं की नळी भरली. दर चार-पाच वेळा बोट पाण्यात नेल्यावर पुन्हा भरा.

सुकाणू ०.८ मिमी पितळी पत्र्याचं, ५.५ × ४.५ सेंमी, ४ मिमी दांड्यावर. दांड्याच्या पुढे एकूण क्षेत्राच्या पाचव्या भागाइतका पत्रा ठेवा, सर्व्होवरचा ताण निम्म्याने कमी वाटतो. सुकाणूच्या दांड्याची नळी पाण्याच्या रेषेच्या वरपर्यंत न्या. खऱ्या जहाजाचं सुकाणू ३५ अंश वळतं, मॉडेलला ४५ पर्यंत जाऊ द्या.

डेक आणि वीज

डेकमध्ये १७ × ११ सेंमीचं तोंड ठेवा आणि त्याच्याभोवती १५ मिमी उंच कड उभारा. केबिन या कडेवर टोपणासारखी बसते. कड नसेल तर डेकवर आलेली पहिली लाट थेट बॅटरीवर जाते.

बॅटरी यूपीएसमधली सीलबंद १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची. लिथियमपेक्षा जड आहे, आणि इथं तेच हवंय. तिला खाचेत बसवून पट्ट्याने आवळा. वळताना बॅटरी सरकली तर बोट उलटलीच म्हणून समजा. बॅटरीच्या धन टोकापासून १० सेंमीच्या आत ५ अँपिअरचा फ्यूज लावा. सगळा जोर लावून सतत २ अँपिअर घेतले तरी दोन तास आरामात चालते. ११ व्होल्टच्या खाली नेऊ नका आणि वापरानंतर त्याच दिवशी चार्ज करा.

वेगनियंत्रक, ज्याला सगळे ईएससी म्हणतात, घेताना दोन गोष्टी बघा. एक, तो १२ व्होल्टच्या लेड बॅटरीला चालतो का. स्वस्त रेडिओ कंट्रोल कारचे बरेच ईएससी दोन सेलच्या लिथियमपुरतेच असतात आणि इथं जळतात. दोन, त्यात ब्रेकशिवाय थेट पुढे-मागे जाण्याची सोय आहे का. कारचा ईएससी मागे जाण्याआधी ब्रेक लावतो, आणि काठाजवळ तो एक सेकंद फार महागात पडतो. मोटरच्या दोन टोकांमध्ये एक आणि प्रत्येक टोकापासून मोटरच्या धातूच्या अंगापर्यंत एकेक, असे १०४ नंबरचे तीन सिरॅमिक कपॅसिटर डाखा.

रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा, फ्लायस्काय एफएस-आय६ सारखा. हे रिमोट विमानांसाठी बनलेले असल्याने डावी काठी मधोमध परत येत नाही. ईएससीला मात्र मधली जागा, म्हणजे ‘थांबा’, लागते. म्हणून ईएससी चॅनेल २ ला आणि सुकाणू चॅनेल १ ला जोडा, दोन्ही उजव्या काठीवर येतात. रिसीव्हरची, म्हणजे बोटीत सिग्नल घेणाऱ्या डबीची, अँटेना पाण्याच्या रेषेच्या वर ठेवा, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यातून जात नाहीत. सिग्नल तुटल्यावर मोटर बंद व्हावी अशी फेलसेफची सेटिंग करा आणि बोट स्टँडवर ठेवून, मोटर चालू असताना रिमोट बंद करून ती खरंच थांबते का ते बघा.

गच्चीवरची चाचणी

घरात टब नसतो. गच्चीवर विटांचा १०० × ५० सेंमीचा चौकोन करून त्यावर ताडपत्री अंथरा आणि १५ सेंमी पाणी भरा, ७५ लिटर पुरतं. रंगाच्या आधी बोट यात बसवा. केबिनचं ३५० ग्रॅम वजन तिच्या जागी आणि तिच्याच उंचीवर ठेवून बोट पाण्याला समांतर बसते का ते बघा. टगचं नाक किंचित वर आणि मागची बाजू २-३ मिमी खाली असलेली चालते, उलटं चालत नाही. शिसं टायरवाल्याकडच्या व्हील बॅलन्सिंगच्या तुकड्यांचं घ्या आणि तसंच, अखंड वापरा. घरात शिसं वितळवू नका. आधी दोन बाजूंच्या टेपने धरा, जागा पक्की झाल्यावर इपॉक्सी लावा.

आता डेकची कड हाताने दाबून पाण्यापर्यंत आणा आणि सोडा. बोट झटकन सरळ झाली पाहिजे. रेंगाळत उठली तर वजन वर आहे. केबिन हलकी करा, खाली शिसं वाढवू नका. शेवटी मागच्या बाजूला ताणकाटा बांधून पाच मिनिटं पूर्ण जोरात चालवा आणि मोटरला हात लावून बघा. चटका बसत असेल तर पंखा ४५ मिमीचा करा.

त्यानंतर पाण्याच्या रेषेवर पेन्सिलीची खूण, मग प्रायमर, रेषेखाली तांबडा ऑक्साइड रंग, वर काळा. कडेला लावायचे टायर म्हणजे २५ मिमी बाहेरच्या व्यासाच्या रबरी ओ-रिंगा. ट्रकचा मीटरभराचा टायर १:४० मध्ये बरोबर तेवढाच होतो. कठड्याला १ मिमी पितळी तार, उंची २५ मिमी. नांगराची साखळी इमिटेशन दागिन्यांच्या दुकानात मिळते.

ओढायचा हूक कुठं बसवायचा यावर मात्र थांबा. तो अगदी मागच्या टोकाला बसवला तर ओझं ओढताना बोट वळतच नाही, कारण दोराने मागची बाजू जखडलेली असते. हूक मध्यापासून जरासाच मागे, ३ ते ४ सेंमीवर, आणि शक्य तितका खाली बसवा. खऱ्या टगही दोर आडवा ताणला गेल्यामुळे उलटतात. त्यामुळे दोर सोडणारा एक छोटा सर्व्हो हुकाला जोडणं चांगलं.

रंकाळ्यावर

रंकाळा तलावावर सकाळी लवकर जा. वारा पडलेला असतो आणि गर्दीही कमी. पायऱ्यांचा घाट निवडा, म्हणजे बोट हाताने सोडता येते. आधी रिमोट चालू, मग बोट. थांबवताना आधी बोट बंद, मग रिमोट. खऱ्या टगचा वेग १० नॉट असेल तर या प्रमाणात तो सेकंदाला ०.८ मीटर होतो, म्हणजे माणसाच्या सावकाश चालीएवढा. त्यापुढे जोर दिला की नाळेवर पाण्याचा डोंगर उभा राहतो आणि मागचं डेक बुडतं.

केंदाळापासून चार हात दूर राहा. त्याच्या मुळ्या पंख्यात गुंडाळल्या की अँपिअर वाढतात आणि फ्यूज उडतो. फ्यूज उडाला तर मोठा लावू नका, मुळी काढा. बोट मध्येच अडकली तर पाण्यात उतरू नका. गळाच्या दोऱ्याला टेनिसचा चेंडू बांधून बोटीच्या पलीकडे फेकायचा आणि हळूहळू ओढायचं. हा दोरा आणि चेंडू पिशवीत कायम असू द्या. पंचगंगेत प्रवाह असतो, तिथं नको. शेततळ्याचं प्लास्टिक निसरडं असतं आणि माणूस आत गेला की वर येणं अवघड, म्हणून तिथं एकट्याने जाऊ नका.

मागे जाताना बोट सुकाणूचं ऐकत नाही आणि एका बाजूला सरकते. तो दोष नव्हे. एका पंख्याची प्रत्येक बोट तशी वागते, उजव्या फिरकीच्या पंख्याची मागची बाजू डावीकडे जाते. काठाला लावताना ही सवय कामी आणा. पुढे चालली असताना अचानक एका बाजूला ओढत असेल तर मात्र सुकाणूचा स्क्रू सैल झालाय.

घरी आल्यावर केबिन काढून आत बघा. चमचाभर पाणी चालतं, वाटीभर नाही. कापडाने पुसा, चार-पाच वेळा बोट चालवून झाली असेल तर शाफ्टच्या नळीत ग्रीस भरा, बॅटरी काढून चार्जिंगला लावा आणि बोट केबिन न लावता रात्रभर उघडी ठेवा. ओल बंद करून ठेवली की ईएससीचे पिन हिरवे पडतात.